तात्यांची चिठ्ठी आणि विहिरीकडचा तुकडा

तात्यांच्या हातात अठरा पानांचं संमतिपत्र होतं. मिरजेच्या एका रुग्णालयातून आणलेलं, मराठीत, पण बारीक टाइपात. नवव्या पानावरच्या एका वाक्याखाली त्यांनी शिसपेन्सिलीनं दोनदा रेघ ओढली होती : 'आपणास कोणता उपचार मिळेल हे संगणक यादृच्छिक पद्धतीने ठरवेल.'

"यादृच्छिक म्हंजी काय रं?"

"चिठ्ठी टाकल्यासारखं, तात्या."

"म्हंजी माझ्या जिवाची चिठ्ठी? जत्रंतल्या लकी ड्रॉवानी?"

तात्यांचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरलाय. हा कर्करोग टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली दाखवलं; त्याबद्दल त्यांना 1966 चं नोबेल मिळालं. आजही पहिला उपाय तोच, संप्रेरकाचा पुरवठा तोडायचा. पण वाढलेल्या रोगाच्या पेशी काही काळानं तुटपुंज्या संप्रेरकावरही तगायला शिकतात. तात्यांचं तेच झालंय. इंजेक्शनं चालू असूनही रक्तातलं पीएसए, म्हणजे या रोगाचा माग दाखवणारं प्रथिन, वर सरकतंय, म्हणून डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीबद्दल विचारलं. भावकीचं म्हणणं एकच, "उंदीर करतील तुमचा."

उंदराचं नंतर बघू. मला चिठ्ठीबद्दलच बोलायचंय, कारण ही कल्पना मुळात दवाखान्यातली नाही, वावरातली आहे.

तात्यांची हळद कसबे डिग्रजच्या शिवारात. दोन वर्षांमागं त्यांनी एक नवं खत आणलं. विहिरीकडच्या तुकड्यात नवं घातलं, माळाकडच्या तुकड्यात नेहमीचं. विहिरीकडचे गड्डे असे भरले की दुकानदार फोटो काढून घेऊन गेला. मी सहज विचारलं, विहिरीकडंच का घातलंत? तात्या म्हणाले, "एवढं महागाचं खत माळावर कशाला वाया घालवू?"

सगळी गोम याच उत्तरात आहे. तिथली माती मुळातच चांगली, पाणी हाताशी. मग गड्डे फुगले ते खतानं की मातीनं? तात्यांनी लबाडी केली नव्हती, शहाणपणाच केला होता. पण त्या शहाणपणानंच खताची परीक्षा बाद झाली.

इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर 1919 साली रुजू झाले आणि त्यांनी हाच गुंता सोडवला. शेताचे लहान लहान वाफे पाडा आणि कुठल्या वाफ्याला कुठलं खत हे माणसानं ठरवूच नका, चिठ्ठीवर सोडा. मग चांगली-वाईट माती दोन्ही खतांच्या वाट्याला साधारण सारखी येते. खरी गंमत पुढं आहे. जमिनीतला जो फरक आपल्याला दिसतही नाही, तोही वाटला जातो! आपल्या कृषी विद्यापीठांत वाणांच्या चाचण्या आजही याच तत्त्वावर चालतात.

डॉक्टरही तात्यांसारखेच वागतात. नवं औषध आलं की ते धडधाकट, चालत्या-फिरत्या रुग्णाला द्यावंसं वाटतं. तो जास्त जगला की श्रेय औषधाला.

1948 साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची क्षयरोगावरची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध इतकं टंचाईचं की सगळ्यांना पुरणारच नव्हतं. 107 रुग्णांची विभागणी बंद पाकिटांतल्या यादृच्छिक क्रमानं केली. सहा महिन्यांत औषधाच्या गटातले 55 पैकी 4 दगावले, नुसत्या विश्रांतीच्या गटातले 52 पैकी 14. आपण चाचणीत आहोत हे त्या 52 जणांना सांगितलंही नव्हतं. आज ते चालणार नाही, म्हणून तर अठरा पानं.

आता तात्यांच्या रोगाकडं. प्रोस्टेटच्या कर्कपेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन दाटीनं असतं. त्याला चिकटणाऱ्या रेणूवर ल्युटेशियम-177 हे किरणोत्सारी मूलद्रव्य बसवतात. त्याचे बीटा कण ऊतींत जेमतेम दोन मिलिमीटर जातात, म्हणजे मारा बहुतांशी गाठीच्या आसपासच राहतो. 'व्हिजन' नावाच्या चाचणीत 831 रुग्ण होते. तीन चिठ्ठ्यांपैकी दोन 'ल्युटेशियम अधिक प्रचलित उपचार', एक 'फक्त प्रचलित उपचार'. 2021 च्या निकालानुसार मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 15.3 महिने विरुद्ध 11.3 महिने. चमत्कार नव्हे, चार महिने. पण खात्रीचे.

ही खात्री हातची जाता जाता राहिली. सुरुवातीला 'फक्त प्रचलित' चिठ्ठी निघालेल्यांपैकी 56 टक्के लोक चाचणी सोडून गेले. त्यांना दोष कसा द्यायचा? पण गणिताचं काय होतं बघा. निघून गेलेल्याचा पुढचा स्कॅन मिळत नाही. सांख्यिकीत त्याला 'सेन्सॉर' करतात, म्हणजे तो जिथवर दिसला तिथवर मोजायचा आणि पुढं तो उरलेल्यांसारखाच वागला असता असं धरायचं. पण जाणारा उरलेल्यांसारखा नसतोच; तो जास्त खंगलेला असेल, किंवा दुसरीकडं धावू शकणारा धट्टाकट्टा. चिठ्ठीनं वाटलेली माती पुन्हा विहिरीकडं आणि माळाकडं सरकते. शेवटी केंद्रांवरच्या लोकांना नव्यानं समजावावं लागलं, आणि रोग किती काळ आवरला याचा हिशोब 5 मार्च 2019 पासून आलेल्या 581 जणांवरच केला.

हळदीबद्दल लिहिलं नाही तर सांगलीकर सोडणार नाहीत. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, मलाही तिचा अभिमान आहे. पण 'हळदीच्या काढ्यानं कॅन्सर बरा' हा निरोप दर आठवड्याला मोबाइलवर येतो. हळदीतलं कर्कुमिन काचेच्या बशीत कर्कपेशी मारतं, खरंय. बशीत कडक मिठाचं पाणीही मारतं. पोटातून मात्र ते रक्तात फारच थोडं उतरतं. आणि 'नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना' म्हणणाऱ्यांसाठी : ई जीवनसत्त्वानं प्रोस्टेटचा कर्करोग टळेल असं भल्याभल्यांना वाटत होतं. 35 हजारांहून जास्त पुरुषांवर चाचणी घेतली. 2011 साली कळलं की ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत कर्करोग 17 टक्के जास्त! चिठ्ठी टाकली नसती तर आजही ते विकत घेऊन खात असतो.

राहिला उंदीर. उंदराला सोडून जाता येत नाही, तात्यांना कधीही येतं, कारण न देता. चाचणीमुळं इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई औषध-चाचण्यांच्या 2019 च्या सरकारी नियमांत आहे. नैतिकता समितीत एक तरी सामान्य माणूस लागतो. आणि 2009 पासून प्रत्येक चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद सक्तीची आहे. तो क्रमांक दाखवत नसतील तर उठून यावं.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सेन्सॉरवाल्या भागात त्यांना डुलकी लागली होती, हे प्रामाणिकपणे सांगून टाकलं. चष्मा पुसून त्यांनी अठराव्या पानाच्या पाठीमागं डॉक्टरांसाठी प्रश्न लिहायला घेतले. 'जुनं औषद निघालं तर नवं नंतर मिळणार का. स्कॅन किती. मिरजेला फेऱ्या किती, गाडीभाडं कोण देणार.'

चौथा प्रश्न लिहून त्यांनी खोडला, पुन्हा लिहिला : 'हळद काढणीच्या पंधरवड्यात तारीक नको.'