कपॅसिटर फुगले ते कशामुळे

बंद पडलेला जुना संगणक उघडला की जाणत्या दुरुस्तीकाराची नजर आधी प्रोसेसरच्या शेजारी जाते. तिथे उभ्या असलेल्या कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवून चढउतार सावरणाऱ्या छोट्या डब्यांच्या रांगेत एखाद्याचं डोकं सपाट राहिलेलं नसतं, वर आलेलं असतं. कधी त्यावरच्या खाचेतून तपकिरी चिकट द्रव येऊन वाळलेला असतो. मध्येच रीस्टार्ट होणं, चार वेळा बटण दाबल्यावर एकदा सुरू होणं, काम करता करता गोठणं या तक्रारी पुष्कळदा या डब्यांपाशी येऊन थांबतात. २००२ ते २००५ या वर्षांत हा प्रकार जगभर इतका वाढला की त्याला 'कपॅसिटर प्लेग' असं नाव पडलं.

या साथीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे, चोरलेल्या सूत्राची. ती रंजक आहे, आणि बहुधा त्यामुळेच मूळ कारण तिच्याआड राहिलं. ते कळायला डब्याच्या आत काय असतं तिथून सुरुवात करावी लागते.

आत अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये द्रवात भिजवलेला कागद. सगळं एकत्र गुंडाळून डब्यात बसवलेलं असतं. वीजरोधक म्हणून काम करतो तो कागद नव्हे, तर एका पट्टीवर विजेच्या साह्यानेच चढवलेला ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. अ‍ॅल्युमिनियमवरच्या या थराचा कपॅसिटरसाठी उपयोग होऊ शकतो, हे पोलिश अभियंता करोल पोलाक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओळखलं. थर जितका पातळ तितकी साठवण जास्त, म्हणून बोटाच्या पेराएवढ्या डब्यात हजारो मायक्रोफॅरड (साठवण क्षमतेचं एकक) मावतात. द्रवाकडे दोन कामं असतात: वीज वाहून नेणं आणि थराला कुठे इजा झालीच तर तिथे नवा ऑक्साइड घडवणं. म्हणजे डब्याचं आयुष्य त्या द्रवावर अवलंबून.

द्रवाचा त्रास त्याआधीही झाला होता. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बोर्डावर सपाट बसवायचे कपॅसिटर आले आणि त्यांतल्या काहींत चतुर्थक अमोनियम क्षारांचा द्रव वापरला गेला. तो रबरी बुचाच्या कडेने झिरपायचा. मॅकिंटॉश एसई/३० किंवा अमिगा १२०० हे जुने संगणक जपणाऱ्या लोकांना हे चांगलं माहीत आहे, कारण तो द्रव बोर्डावरच्या तांब्याच्या रेषाच खाऊन टाकतो. तिथे गळती हळू आणि गुपचूप होई. २००० नंतरचा बिघाड वेगळा होता.

त्याला निमित्त झाली प्रोसेसरची भूक. पूर्वीचे प्रोसेसर सरळ ५ व्होल्टवर चालत आणि त्यांना विजेचा प्रवाह थोडाच लागे. पेंटियम ४ च्या काळापर्यंत व्होल्टेज दीडच्या आसपास उतरलं आणि प्रवाह ५० अँपिअरच्या पुढे गेला. हा बदल मदरबोर्डवरच, प्रोसेसरला अगदी खेटून करावा लागतो. पॉवर सप्लायकडून आलेली वीज सेकंदाला लाखो वेळा तोडून-जोडून खाली आणायची आणि त्यातले चढउतार कपॅसिटरनी गिळायचे. प्रत्येक चढउतार कपॅसिटरच्या अंतर्गत रोधातून जातो आणि तिथे उष्णता सोडतो. हा रोध म्हणजेच ईएसआर. तो कमी हवा, ही त्या वेळची सगळ्यात मोठी निकड होती.

द्रवच नसलेले कपॅसिटर तेव्हाही मिळत. जपानच्या सान्यो कंपनीने ओएस-कॉन नावाचा असा कपॅसिटर १९८३ मध्येच बाजारात आणला होता. पण तो महाग. स्वस्त उपाय होता पाणी. द्रवात पाण्याचं प्रमाण वाढवलं की रोध झपाट्याने उतरतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस जपानी उत्पादकांनी असे पाणीदार द्रव वापरात आणले. अडचण एकच, पण मोठी: उघड्या अ‍ॅल्युमिनियमला पाणी भेटलं की हायड्रॉक्साइड तयार होतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. ही क्रिया रोखायला द्रवात फॉस्फेटसारखे संरक्षक घटक नेमक्या प्रमाणात मिसळावे लागतात. ते कमी पडले तर बंद डब्यात वायू साचत जातो. डब्याच्या माथ्यावर कोरलेली एक्स किंवा के आकाराची खाच याच दाबासाठी असते. डबा फुटण्याऐवजी खाच उघडावी, ही योजना. कधी माथा सपाटच राहतो आणि खालचं रबरी बूच बाहेर ढकललं जातं. तो कपॅसिटर बाहेरून निरोगी वाटतो, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये.

आता ती चोरीची गोष्ट. जपानी कंपनीतला एक रसायनतज्ज्ञ चीनमध्ये नोकरीला गेला, त्याने तिथे द्रवाचं सूत्र पुन्हा तयार केलं, त्याच्या हाताखालच्या लोकांनी ते तैवानला नेलं. पण नेलेलं सूत्र अर्धवट होतं, संरक्षक घटकांविना. २००२-०३ मध्ये व्यावसायिक नियतकालिकांतून ही हकिगत पसरली. ती न्यायालयात कधी सिद्ध झाली नाही. रसायनापुरती मात्र ती पटण्याजोगी होती: २००४ मध्ये क्रेग हिलमन आणि नॉर्मन हेल्मोल्ड यांनी निकामी कपॅसिटरमधला द्रव तपासला, तेव्हा आवश्यक घटकांची उणीवच दिसून आली. मदरबोर्ड उत्पादकांपैकी एबिटने दोष उघडपणे मान्य केला. बहुतेकांनी मौन पाळलं.

पण 'नकली तैवानी माल' एवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते इथेच. डेलच्या ऑप्टिप्लेक्स संगणकांत फुगलेले कपॅसिटर निचिकॉन या नामांकित जपानी कंपनीचे होते. तिथे डब्यात द्रव प्रमाणाबाहेर भरला गेला, अशी कारणमीमांसा पुढे आली. मे २००३ ते जुलै २००५ या काळात डेलने धोका असलेले सुमारे १ कोटी १८ लाख संगणक विकले आणि २००५ मध्ये दुरुस्तीपोटी ३० कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला. एका दाव्यातली कागदपत्रं २०१० मध्ये खुली झाली, तेव्हा ग्राहकांना काय सांगितलं गेलं तेही बाहेर आलं. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागाला म्हणे उत्तर मिळालं होतं की अवघड गणितं करायला लावून त्यांनी संगणकांवर जास्त ताण दिला! संगणक ज्यासाठी घेतला तेच काम त्याचा गुन्हा ठरवणं मला आजही संतापजनक वाटतं. अ‍ॅपलने आयमॅक जी५ साठी वाढीव मुदतीची मोफत दुरुस्ती जाहीर केली, हे त्यामानाने सरळ वागणं होतं.

पॉवर सप्लायमध्ये सदोष सूत्राइतकंच नेहमीचं म्हातारपणही कारण असतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा डबा ६५ अंशांवर ३२,००० तास, म्हणजे अखंड वापरात साडेतीन वर्षांहून थोडा जास्त चालतो. धुळीने पंखा मंदावला की हे गणित उलटं फिरतं. त्यात ५ व्होल्टचा स्टँडबाय भाग संगणक बंद असतानाही जागा असतो, म्हणून तिथला एखादा छोटा कपॅसिटर बरेचदा सगळ्यांत आधी कोरडा पडतो.

कंपन्या अख्खा बोर्ड बदलून मोकळ्या होत. डबे बदलण्याची कला वाढली ती हौशी आणि छोट्या दुरुस्तीकारांच्या हातांत. नव्या कपॅसिटरची क्षमता तीच, व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त, ईएसआर कमी आणि व्यास जागेत मावणारा. साधा, सर्वसामान्य वापराचा डबा बसवला तर तो काही महिन्यांत पुन्हा फुगू शकतो. ध्रुवांची खूण बोर्डावर छापलेली असते, पण सगळे उत्पादक ती एकाच पद्धतीने छापत नाहीत; जुना काढण्याआधी फोटो घेतलेला बरा. सर्वांत कष्टाचं काम म्हणजे पाय सोडवणं. बोर्डाच्या आतले तांब्याचे थर उष्णता शोषून घेतात आणि छोटी सोल्डरिंग गन हतबल होते. जुलै २००६ पासून युरोपीय नियमांमुळे शिसेविरहित सोल्डर आलं. ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं, तर शिशाचं १८३ला. म्हणून जोडावर आधी थोडं शिशाचं सोल्डर मिसळून घ्यायची युक्ती रुळली.

२००७ च्या सुमारास मदरबोर्ड उत्पादक 'सर्व कपॅसिटर सॉलिड' अशी जाहिरात करू लागले. द्रवाऐवजी वाहक पॉलिमर असल्याने त्यात सुकायला किंवा वायू सोडायला पाणीच उरलं नाही, आणि प्रोसेसरजवळचे फुगलेले डबे दिसेनासे झाले. पॉवर सप्लायच्या आत, मेन लाइनच्या बाजूला, ४०० व्होल्टच्या आसपास काम करणारा मोठा डबा मात्र आजही द्रवाचाच असतो, कारण इतक्या व्होल्टेजला त्या किमतीत दुसरा पर्याय नाही. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा भार शिल्लक राहू शकतो. म्हणून तिथे हात घालण्याआधी तो योग्य रोधातून रिकामा करायचा आणि मीटर लावून खात्री करायची.