स्पीडोमीटर कॅलिब्रेटर (मोटारसायकल)

मोटारसायकलच्या वेग-सेन्सरकडून मीटरकडे जाणारे विद्युत स्पंद वाटेत अडवून, त्यांची वारंवारिता ठरावीक टक्क्यांनी कमी किंवा जास्त करून पुढे पाठवणारे छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण. आकाराने काडेपेटीएवढे असते आणि सीटखाली किंवा टाकीखाली बसते. हंगेरीतील हीलटेक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचा स्पीडोहीलर हे त्यातले सर्वांत परिचित नाव. स्पीडोडीआरडी आणि यलो बॉक्स ही त्याच जातीची आणखी काही उत्पादने. मोठ्या स्पोर्ट्‌स बाइक वापरणाऱ्यांत ही उपकरणे आधी रुळली, कारण चेनसेट (चेन आणि तिची पुढची-मागची दातेरी चक्रे, म्हणजे स्प्रॉकेट) बदलण्याची हौसही त्याच मंडळींत जास्त.

नव्याकोऱ्या गाडीचा स्पीडोमीटरही खरा वेग दाखवत नाही, तो जास्तच दाखवतो, आणि हे कंपनीने जाणूनबुजून केलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार मीटरवरचा वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये; जास्त मात्र चालतो. मोटारसायकलसाठी ही वरची मुभा खऱ्या वेगाच्या दहाव्या भागात ताशी ८ किमी मिळवून येते. म्हणजे गाडी खरोखर १०० ने जात असताना मीटरने १०० पासून ११८ पर्यंत काहीही दाखवले तरी ते नियमात बसते. टायर नवा की झिजलेला, हवा किती, वर माणसे किती यावर चाकाचा परीघ बदलत राहतो. या बदलांतही काटा खऱ्या वेगाखाली जाऊ नये म्हणून उत्पादक आधीच काही टक्के वर धरून ठेवतात. १०० ला १०७ दाखवणारी गाडी म्हणूनच बिघडलेली नसते.

खरा घोळ होतो तो गाडीत बदल केल्यावर. बऱ्याच जपानी बाइकवर वेग-सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टजवळ, पुढच्या स्प्रॉकेटपाशी असतो. तो शाफ्टचे फेरे मोजतो. पुढे चेनने मागचे चाक किती फिरले हे त्याला कळत नाही. चांगली ओढ मिळावी म्हणून पुढचे १५ दात्यांचे स्प्रॉकेट काढून १४ चे बसवले, की तेवढ्याच वेगाला शाफ्ट जास्त फिरतो आणि मीटर ७.१ टक्क्यांनी वर जातो. मागचे ४५ चे ४८ केले तर ६.७ टक्के. टायरचा परिणाम यापेक्षा लहान असला तरी नगण्य नसतो: १४०/७०-१७ (रुंदी मिमीत, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) च्या जागी १५०/६०-१७ बसवल्यास व्यास सुमारे १६ मिमीने घटतो आणि मीटर आणखी अडीच टक्के चढतो. रुंद टायर म्हणजे मोठे चाक, हा समज इथे फसवतो.

जुन्या केबलवाल्या गाड्यांना हा प्रश्न पडत नाही. तिथे पुढच्या चाकातल्या स्पीडो गिअरमधून केबल निघते, मीटरच्या आत चुंबक फिरवते आणि त्या चुंबकाच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी व तिला जोडलेला काटा सरकतो. या तत्त्वाचे पेटंट ओटो शुल्झ यांनी १९०२ मध्ये जर्मनीत घेतले. केबल थेट चाकाला जोडलेली असल्याने चेनसेट काहीही असो, काट्याला फरक पडत नाही. विद्युत स्पंदच नसल्याने कॅलिब्रेटरही तिथे निरुपयोगी.

सेन्सरला सहसा तीन वायरी असतात: पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. कॅलिब्रेटर यातल्या सिग्नलच्या वायरीत शिरतो. गाडीच्या मॉडेलनुसार तयार कपलर (वायरी जोडणारे प्लग) मिळाले, तर मूळ वायरिंग न कापता सेन्सर आणि हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) यांच्यामध्ये तो जोडता येतो. नाहीतर वायर कापून सोल्डर करावी लागते, आणि पावसाळ्यात पहिला त्रास त्याच सांध्यावर होतो. आतला मायक्रोकंट्रोलर दोन स्पंदांमधला काळ मोजतो, भरलेल्या टक्केवारीनुसार तो कमी-जास्त करतो आणि नव्या अंतराने नवे स्पंद तयार करून पाठवतो. नुसते अधूनमधून एखादे स्पंद गाळून भागत नाही, काटा थरथरतो.

टक्केवारी ठरवण्यासाठी खरा वेग कळावा लागतो आणि तो बहुतेक जण जीपीएसवरून घेतात. सरळ, मोकळ्या रस्त्यावर वेग काही सेकंद स्थिर ठेवून दोन्ही आकडे बघायचे. वेग वाढवताना जीपीएस थोडा मागे राहतो, बोगद्यात आणि दाट झाडीत तर त्याच्यावर विसंबूच नये. आकडे वाचायचे काम मागे बसणाऱ्याला द्यावे. खऱ्या वेगाला दिसणाऱ्या वेगाने भागून १ वजा केले की सुधारणा मिळते: १०० भागिले १०७, म्हणजे उणे ६.५ टक्के. मीटरची चूक सगळ्या वेगांना सारख्या टक्क्यांची असतेच असे नाही. ५० ला ५४ आणि १०० ला १०७ दाखवणाऱ्या मीटरला उणे ६.५ लावले तर १०० बरोबर येतो, ५० ला मात्र साडेपन्नास दिसतात. एवढे कोणी मनावर घेऊ नये.

मनावर घ्यावी अशी अडचण वेगळी आहे आणि उपकरण विकणारे ती फारशी पुढे करत नाहीत. काटा आणि ओडोमीटर (एकूण किलोमीटर मोजणारा आकडा) दोन्ही एकाच सिग्नलवर चालतात. पण काट्याचे जास्तीचे टक्के अनेक गाड्यांत मीटरच्या आतच मिळवलेले असतात. किलोमीटर मोजताना ते धरले जात नाहीत. अशा गाडीचा काटा ७ टक्के पुढे असला तरी ओडोमीटर जवळपास अचूक असतो. तिथे उणे ६.५ लावून काटा खरा केला की ओडोमीटर खोटा होतो: १०० किमी धावल्यावर ९३.५ नोंदवतो. मायलेज कमी निघते, सर्व्हिस उशिरा होते आणि गाडी विकताना आकडा खऱ्यापेक्षा लहान दिसतो. अमेरिकेत फसवणुकीच्या हेतूने ओडोमीटरमध्ये फेरफार करण्याला १९७२ पासून संघराज्य कायद्याने बंदी आहे. इतरत्रही विकताना घेणाऱ्याला हे सांगणे सरळपणाचे.

म्हणून सुधारणा किती करायची याचे दोन हिशेब आहेत. वरच्याच गाडीवर पुढे १४ दाते बसवले की १०० ला ११४.६ दिसू लागतात. काटा पूर्ण खरा हवा असेल तर उणे १२.८ टक्के लावावे लागतात आणि ओडोमीटर कमी मोजू लागतो. फक्त स्प्रॉकेटमुळे आलेली चूक काढायची असेल तर उणे ६.७ पुरतात, काटा पुन्हा १०७ वर येतो आणि ओडोमीटर पूर्ववत होतो. दुसरा मार्ग शहाणपणाचा. काट्यातली कंपनीची सूट चालकाच्या डोक्यात सहज राहते. ओडोमीटरमधली चूक मात्र दर किलोमीटरला साठत जाते. ज्या गाडीत चेनसेट आणि टायर मूळचेच आहेत तिला हे उपकरण लावण्याचे कारण हौसेपलीकडे सापडत नाही.

काही गाड्यांत तोच सिग्नल इंजिनच्या ईसीयूलाही (इंजिन चालवणाऱ्या संगणकालाही) जातो. वेग आणि इंजिनचे फेरे यांच्या गुणोत्तरावरून कितवा गिअर आहे हे ईसीयू ओळखत असेल, तर बदललेल्या स्पंदांनी डिस्प्लेवरचा गिअरचा आकडा चुकू शकतो. अशा वेळी कॅलिब्रेटर ईसीयूच्या पुढे, फक्त मीटरकडे जाणाऱ्या वायरीत बसवतात.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ स्पीडोमीटरविषयी आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. स्प्रॉकेटचे दाते त्या पत्रावर नसतात, तरी वॉरंटीच्या काळात वायरिंगला हात लावल्यास कंपनी दावा नाकारण्याची शक्यता राहते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाल्यावर अनेक मॉडेलांवर वेग चाकावरच्या दातेरी कड्यावरून घेतला जाऊ लागला. तिथे चेनसेट बदलला तरी मीटर हलत नाही. त्या सेन्सरच्या वायरीत कॅलिब्रेटर घुसवू नये, कारण चाकाचा वेग त्याच सेन्सरवरून बघून एबीएस ब्रेक सोडते. वेग कॅन बसवरून (अनेक माहिती एकत्र वाहणाऱ्या डिजिटल जाळ्यावरून) मीटरपर्यंत जात असेल तर अडवायला स्वतंत्र सिग्नल वायरच नसते, आणि साधा कॅलिब्रेटर त्या गाडीला बसत नाही.