मायफळाची शाई आणि लष्करी डॉक्टरांची पत्रं

बाळगुटीच्या सहाणेवर उगाळलं जाणारं मायफळ ही खरं तर ओकच्या झाडावर कीटकाच्या अंड्यांमुळे येणारी गाठ. अठराव्या शतकात अमेरिकेतली पत्रं अशाच गाठींच्या शाईने लिहिली जात. गाठींचा काढा, हिराकस (लोहाचा क्षार) आणि डिंक, एवढंच तिचं साहित्य.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १७ जून १७७५ रोजी बॉस्टनजवळ बंकर हिलची लढाई झाली. तोफांचा आवाज मॅसॅच्युसेट्समधल्याच सेलम गावापर्यंत पोहोचला. तिथे वैद्यकी करणारा एकवीस वर्षांचा जॉन वॉरन रातोरात निघाला, कारण त्याचा थोरला भाऊ जोसेफ, तोही डॉक्टरच, त्या लढाईत होता. पुढे जाऊ द्या म्हणून हटून बसलेल्या जॉनला पहारेकऱ्याने संगीन मारली. जोसेफ तोवर मारला गेला होता. जॉन मग सैन्यात शल्यवैद्य झाला, १७८२ मध्ये हार्वर्डचं वैद्यकीय विद्यालय उभारण्यात पुढे राहिला. त्याचा मुलगा जॉन कॉलिन्स याने १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरची भूल दिलेल्या रुग्णावर जाहीर शस्त्रक्रिया केली. या घराण्याचे कागद बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत.

असे कागद टिकवायचे म्हणजे आधी शाईशी सामना. कागद त्या मानाने दणकट: लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या कापडाच्या) आणि सुती चिंध्यांचा, जिलेटिनचा हात दिलेला. पण हिराकशीचा गाठींतल्या टॅनिनशी संयोग होताना सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि ते कागदातल्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं. शिवाय शाईत मोकळं उरलेलं लोह ऑक्सिडीकरणाला वेग देतं. अक्षरांभोवती तपकिरी झाक येते, पाठीमागे ओळी उमटतात आणि शेवटी अक्षरच गळून पडून त्याच्या आकाराचं भोक उरतं. आपल्या जुन्या पोथ्यांमधली काजळाची शाई अशी वागत नाही. कार्बन कागदाच्या वाटेला जात नाही.

इथे सर्वांत मोठा शत्रू पाणी. साधा दमटपणाही आम्ल आणि लोह ओळीबाहेरच्या कोऱ्या कागदात ओढून नेतो. म्हणून संवर्धक आधी बॅथोफिनँथ्रोलीन हे रसायन लावलेली चाचणीपट्टी किंचित ओली करून अक्षरावर टेकवतात. ती गुलाबी झाली, तर मोकळं लोह आहे. यावरचा उपाय १९९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये सापडला आणि तो मला फार सुंदर वाटतो. धान्याच्या कोंड्यात फायटिक आम्ल असतं. त्याच्या कॅल्शियम क्षाराच्या द्रावणात कागद बुडवला की ते लोहाला पकडून बसवतं. नंतर कॅल्शियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने आम्ल मारतात. मात्र भिजवणं झेपेल असाच कागद यासाठी निवडतात. बाकीच्यांना चिरांपुरता जिलेटिन लावलेला पातळ जपानी कागद पुरतो.

विसाव्या शतकात अशी पत्रं सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकमध्ये उष्णतेने बंद करण्याची पद्धत होती. हेतू चांगला होता, पण आता तेच आवरण सोडवण्यात संवर्धकांचे दिवस जातात. घरातल्या जुन्या कागदांना लॅमिनेशन किंवा चिकटपट्टी लावू नका, ही कळकळीची विनंती.

तेव्हा लिफाफे क्वचितच वापरत. पत्राचाच कागद दुमडून लाखेने बंद करत. ते फोडताना कागदाचा तुकडा फाटून लाखेखाली चिकटून राही. पत्राच्या मधोमध दिसणारं भोक म्हणजे नेहमीच हरवलेला मजकूर नसतो. संवर्धक लाख खरवडून काढत नाहीत. वाक्यातले गळालेले दोन-तीन शब्द बहुधा तिच्याखालीच असतात.