कणमय कोशिका अर्बुद (स्वरयंत्रातील)

स्वररज्जूंवर किंवा त्यांच्या लगत क्वचित होणारी, बहुतेक वेळा सौम्य प्रकृतीची गाठ. असे अर्बुद जिभेत व त्वचेत अधिक सापडते. अशा दहा अर्बुदांपैकी सर्वसाधारणपणे एक स्वरयंत्रात असते असे धरतात. महिनोन्‌महिने बसलेला आवाज ही मुख्य तक्रार.

उत्पत्तीविषयी दीर्घकाळ मतभेद होते. जिभेतील अशा गाठीचे वर्णन १८५४ च्या सुमारास वेबर यांनी केल्याचे मानतात. पण वेगळा विकार म्हणून तिची ओळख मॉस्कोचे विकृतिवैज्ञानिक अब्रिकोसॉव यांनी १९२६ मध्ये पटवली. लेनिन यांचे शवविच्छेदन करणारे हेच. गाठ अपक्व स्नायुकोशिकांपासून होते असे समजून त्यांनी तिला ‘मायोब्लास्टोमा’ म्हटले आणि ते नाव अनेक दशके टिकले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील रचना आणि एस-१०० या तंत्रिका-ऊतकांत आढळणाऱ्या प्रथिनाची चाचणी यांनी कौल तंत्रिकातंतूंभोवती वेष्टन करणाऱ्या श्वान (Schwann) कोशिकांकडे झुकवला. आज हेच मत अधिक ग्राह्य वाटते. कोशिकांत खच्चून भरलेले कण म्हणजे लयकारिका (लायसोसोम), म्हणजे टाकाऊ पदार्थ आम्लाच्या साहाय्याने पचवणाऱ्या सूक्ष्म पिशव्या. त्यांच्यातील आम्लता राखणाऱ्या पंपाशी संबंधित जनुकांत बिघाड असल्याचे २०१८ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे हे कण का साचतात, याचा उलगडा होऊ लागला.

दुर्बिणीतून पाहता स्वररज्जूच्या मागच्या भागात, गुळगुळीत आवरणाखाली फिकट पिवळसर उंचवटा दिसतो. खरी कसोटी बायोप्सीची, म्हणजे गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची. गाठीवरचे अस्तर पुष्कळदा जाड होऊन खोल बोटांसारखे वाढते आणि हुबेहूब कर्करोगासारखे दिसते. तुकडा वरवरचा घेतला, तर खालच्या कणमय कोशिका त्यात येतच नाहीत आणि कर्करोगाचे चुकीचे निदान होऊ शकते. निरुपद्रवी गाठीपायी रुग्णाचे स्वरयंत्र काढले जाण्याइतकी ही चूक महाग आहे. म्हणून तुकडा खोलवरचा हवा आणि शंका असल्यास बायोप्सी पुन्हा करावी.

उपचार शस्त्रक्रियेचा: भूल देऊन, तोंडावाटे, सूक्ष्मदर्शकाखाली हत्याराने किंवा कार्बन डायऑक्साइड लेसरने गाठ काढतात. तिला स्वतःचे वेष्टन नसल्याने कड नीट कळत नाही. थोडा भाग राहिल्यास ती पुन्हा वाढू शकते आणि जास्त कापल्यास आवाज जातो. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षे तपासणी चालू ठेवतात. किरणोपचार सहसा देत नाहीत. मारक रूप अत्यंत विरळ. मुलांत ही गाठ क्वचितच होते. स्वररज्जूंखाली झाल्यास श्वासास अडथळा येतो.