विजयदुर्गावरची दोन ग्रहणे आणि एक तारीख

कोकणात सूर्यग्रहणाचा विषय निघाला की घरातल्या वेधांच्या जोडीने विजयदुर्गाचे नाव निघतेच. किल्ल्यावर दगडी ओटे आहेत, त्यांना गावात साहेबाचे ओटे म्हणतात, कुणी साहेबाचा कट्टा म्हणतात. या ओट्यांवरून १८ ऑगस्ट १८६८ रोजी एका इंग्रज साहेबाने खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम वायूचा शोध लावला, असे वर्षानुवर्षे सांगितले, छापले आणि आता मोबाइलवरून पाठवले जाते. गेली काही वर्षे त्या तारखेला किल्ल्यावर हेलियमचा दिवसही साजरा होतो. ग्रहण खरे, साहेब खरा आणि ओटेही खरे. फक्त हे तिन्ही एकाच दिवशीचे नाहीत, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

ग्रहणाचे गणित कोकणाला साहेबाने शिकवले असे मात्र नाही. मुरूड-जंजिऱ्याच्या परिसरातल्या नांदगावी राहणाऱ्या एका दैवज्ञाने १५२० च्या सुमारास ग्रहगणिताची अशी पद्धत रचली की तीत ज्या-कोष्टकांची (त्रिकोणमितीतल्या साइनच्या तक्त्यांची) गरजच उरली नाही. साध्या गुणाकार-भागाकारावर ग्रहण मांडता येऊ लागले, आणि पुढची तीनशेहून अधिक वर्षे महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगे याच पद्धतीने तयार झाली. एकोणिसाव्या शतकात तिच्या वेळा आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारी ग्रहणे यांत फरक पडू लागला आणि पंचांगशोधनाचे वाद पेटले. त्या वादांच्या काळात भारतीय ज्योतिषाचा सविस्तर मराठी इतिहास लिहिणारा माणूस दापोलीजवळच्या मुरूडचा. सावलीचे शास्त्र या किनाऱ्यावर घरचेच होते.

आता १८६८. त्या वर्षीच्या खग्रास ग्रहणाची सावली एडनकडून अरबी समुद्र ओलांडून सकाळी कोकण किनाऱ्यावर आली, जमखंडी-विजापूरवरून गुंटूर आणि मछलीपट्टणला गेली, आणि तिथून बंगालच्या उपसागरापलीकडे सयामच्या (आजच्या थायलंडच्या) दिशेने सरकली. ग्रहण मोठे होते. सयामच्या आखाताजवळ खग्रास अवस्था पावणेसात मिनिटांपर्यंत टिकली, भारतातही ती पाच मिनिटांहून जास्त होती. शिवाय वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश रंगरेषांत फोडून दाखवणारे यंत्र, घेऊन खग्रास ग्रहणाला सामोरे जाण्याची शास्त्रज्ञांची ही पहिलीच मोठी संधी. सूर्यबिंब झाकले की कडेला तांबूस ज्वाला दिसतात, त्या कशाच्या आहेत हा प्रश्न होता. उत्तर त्याच दिवशी मिळाले. ज्वालांच्या प्रकाशात सलग रंगपट्टा नव्हता, सुट्या तेजस्वी रेषा होत्या, म्हणजे त्या तप्त वायूच्या. रेषांत हायड्रोजनच्या ठळक होत्या, आणि एक पिवळी होती.

गुंटूरला एक फ्रेंच निरीक्षक होता. रेषा इतक्या तेजस्वी आहेत की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, हे त्याच्या लक्षात आले आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ते करून दाखवले. हेच काम एक इंग्रज स्वतंत्रपणे करत होता. युद्धखात्यात कारकुनी करून उरलेल्या वेळात तो आकाश पाही. पुढच्याच वर्षी त्याने सुरू केलेले विज्ञानाचे साप्ताहिक आजही चालू आहे. ऑगस्टच्या त्या सकाळी तो इंग्लंडात होता. नवा वर्णपटदर्शक त्याच्या हाती आला ऑक्टोबरमध्ये, आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, इंग्लंडातूनच त्याने सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. दोघांचे अहवाल पॅरिसच्या विज्ञानसंस्थेपुढे एकाच बैठकीत आले. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले.

या गोष्टीतली सर्वांत नाजूक बाब म्हणजे ती पिवळी रेषा. ग्रहणात ती अनेकांना दिसली होती, पण बहुतेकांनी ती सोडियमची धरली. यात नवल नाही. सोडियमच्या जोडरेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात, ही नवी रेषा ५८७.६ च्या आसपास. सावली सरकत असताना, काही मिनिटांत, हलत्या दुर्बिणीतून हा फरक पकडणे अवघड होते. ग्रहणाची घाई नसताना शांतपणे मोजमाप करणाऱ्यालाच तो नीट दिसला. रेषा सोडियमची नाही, प्रयोगशाळेतल्या कुठल्याच ज्ञात पदार्थाची नाही, असे त्या इंग्रजाच्या ध्यानात आले. सूर्यावर एखादे अनोळखी मूलद्रव्य असावे हा विचार पुढे आला, आणि १८७१ पर्यंत त्याला ग्रीक सूर्यदेवावरून नाव मिळाले. बरेच रसायनशास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते. १८९५ मध्ये युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा सापडली, तेव्हा शंका मिटली. रेषा पहिल्यांदा दिसल्यापासून हेलियम पृथ्वीवर हाती लागेपर्यंत २७ वर्षे गेली. तेव्हा ‘एका सकाळी, एका ओट्यावरून शोध’ हे वर्णन विजयदुर्गालाच नाही, गुंटूरलाही लागू होत नाही.

मग ओट्यांचे काय? कोकणी माणसाला १८६८ च्या कथेवर एक शंका आधीच यायला हवी होती. १८ ऑगस्ट हा भर पावसाळा. त्या दिवसांत किनाऱ्यावरची जलवाहतूक बंद असे, होड्या शाकारलेल्या असत आणि वाघोटनची खाडी गढूळ वाहत असे. नाजूक काचांची अवजड यंत्रे घेऊन, ढगांच्या भरवशावर, विजयदुर्ग गाठायला कोण निघेल? त्या वर्षीच्या मोहिमांचे महत्त्वाचे अहवाल गुंटूर, मछलीपट्टण, जमखंडी आणि विजापूरचे आहेत, आणि घाटमाथ्यापलीकडच्या जमखंडीलाही ढगांनी त्रास दिलाच.

साहेब विजयदुर्गाला आला तो तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावास्या. या दिवशी दुसऱ्या एका खग्रास ग्रहणाची सावली याच किनाऱ्यावर उतरली आणि जेऊर, पुलगाव, शहडोल, बक्सर अशी ईशान्येकडे गेली. खग्रास अवस्था इथे सुमारे दोन मिनिटांचीच, पण आकाश जानेवारीचे. मुंबई इलाख्यात प्लेगचे दिवस होते, तरी युरोप-अमेरिकेतून तुकड्या आल्या. जेऊरला एक अमेरिकी तुकडी होती, आणि पुण्याच्या महाविद्यालयातल्या वेधशाळेची एतद्देशीय खगोलतज्ज्ञाच्या हाताखालची तुकडीही होती. विजयदुर्गाला आला तो १८६८ चा कारकून, आता ‘सर’ झालेला. त्याच्या दिमतीला युद्धनौका होती. तिचे अधिकारी आणि खलाशी यंत्रांवर उभे राहिले. कोण काच बदलणार आणि कोण सेकंद मोजणार, याची त्यांच्याकडून तालीम करून घेतली होती. दोन मिनिटांत लोलक (प्रिझम) बसवलेल्या कॅमेऱ्यांनी एकामागून एक वर्णपट टिपायचे तर कॅमेरा तसूभरही हलून चालत नाही, म्हणून यंत्राखाली पक्का चौथरा लागतो. ओटे तिथे आहेत ते त्यासाठी. त्या दिवशी टिपलेल्या सूर्याच्या वर्णावरणाच्या (बिंबाभोवतीच्या तांबूस थराच्या) प्रकाशात हेलियमच्या रेषाही होत्या, आणि तोवर हेलियम प्रयोगशाळेतही ओळखीचा झाला होता. साहेब तोच, वायू तोच, किल्ला तोच. मधली तीस वर्षे आठवणीतून गळली आणि दोन ग्रहणांची एक गोष्ट झाली.

म्हणून हेलियमचा दिवस १८ ऑगस्टलाच ठेवावा का, हा प्रश्न किल्ल्यापुरता का होईना, महत्त्वाचा आहे. ती तारीख ठेवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. सावली त्या दिवशीही विजयदुर्गावरून गेली होती, आणि पिवळी रेषा ग्रहणात पहिल्यांदा दिसली तो दिवस तोच. पण विजयदुर्गाचा स्वतःचा, कागदोपत्री भक्कम असलेला दिवस २२ जानेवारी आहे. तो मागे टाकून गुंटूरचे श्रेय आपल्या नावावर लावण्यात किल्ल्याची शोभा वाढत नाही. एक अगदी व्यवहारातली गोष्टही आहे: ऑगस्टमध्ये शाळेची मुले किल्ल्यावर नेली तर छत्रीखाली भाषण ऐकून परततात, जानेवारीत नेली तर त्यांना गाळणी (सूर्याचा फिल्टर) लावलेल्या दुर्बिणीतून सूर्य दाखवता येतो. जुलै २०२५ मध्ये विजयदुर्ग मराठ्यांच्या इतर किल्ल्यांसोबत जागतिक वारसा यादीत गेला. आता तिथली माहिती वाचायला जगभरातून लोक येणार. किल्ल्यावर १८९८ हा आकडा ठळक लिहिला जावा असे मला मनापासून वाटते. पृथ्वीवरच्या एका ठिकाणी खग्रास ग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांनी एकदा येते. विजयदुर्गाला ते तीस वर्षांच्या आत दोनदा मिळाले, यापेक्षा मोठा दावा कशाला हवा?

१८९८ चे ते ग्रहण एका अर्थाने अजून संपलेले नाही. ग्रहणे १८ वर्षे ११ दिवसांच्या आवर्तनाने पुन्हा येतात, दर वेळी पृथ्वीचा सुमारे एक तृतीयांश फेरा पश्चिमेकडे सरकून. विजयदुर्गाच्या ग्रहणापासून सात आवर्तने मोजली की ८ एप्रिल २०२४ येते, अमेरिकेत कोट्यवधी लोकांनी पाहिलेले खग्रास ग्रहण. ते भारतातून दिसले नाही, म्हणून पंचांगांनी त्याचे वेधही सांगितले नाहीत. जिथे दिसते तिथेच ग्रहण पाळायचे, हा नियम जुनाच आहे.

घरातले वेध सूर्यग्रहणाआधी चार प्रहर लागतात. त्यात जेवण नाही, पाण्यावर आणि लोणच्याच्या बरणीवर तुळशीपत्र किंवा दर्भ, गरोदर बाईने चिरायचे-शिवायचे नाही, आणि मोक्षानंतर जमेल त्याने समुद्रस्नान. मूल फाटक्या ओठाचे जन्मले की बोट ग्रहणाकडे, आणि दोष आईकडे. त्या व्यंगाचा ग्रहणाशी काहीही संबंध नाही आणि आज ते शस्त्रक्रियेने दुरुस्त होते. याच प्रथांतली एक रस्त्यावरची होती: ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’. राहू-केतूंचे नाते अस्पृश्य ठरवलेल्या जातींशी जोडून त्यांना ग्रहणात दान मागायला दारोदार फिरवले जाई. १९२७ मध्ये कोकणातल्याच महाडला जो लढा उभा राहिला, त्यातून आलेल्या स्वाभिमानात असल्या दानाला जागा नव्हती.

एका गोष्टीत मात्र किनारा कधी चुकला नाही. सूर्यग्रहण अमावास्येलाच होते, म्हणजे त्या दिवसांत उधाणाची भरती असते, हे मच्छीमाराला कुणी शिकवावे लागले नाही.

नंतरची ग्रहणे आठवणीतली आहेत. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास पट्टा कारवार-अंकोल्यावरून गेला. उत्तरेकडे ते खंडग्रास होते, तरी मुंबईत रस्ते ओस पडले आणि लोक घरात राहावेत म्हणून दूरचित्रवाणीवर सिनेमा लावला गेला. भीती ‘विषारी किरणांची’ होती, आणि तसे वेगळे किरण ग्रहणात नसतात. धोका वेगळाच आहे: बिंब झाकत आले की डोळा दिपत नाही, माणूस टक लावून पाहतो, आणि उरलेली कोर दृष्टिपटल जाळते. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. २४ ऑक्टोबर १९९५ पर्यंत हे बऱ्याच जणांना पटले होते, आणि दिवाळीतल्या त्या सकाळी ग्रहणचष्मे हातोहात गेले. २२ जुलै २००९ चे खग्रास ग्रहण सुरतवरून गेले. कोकणात ते सूर्योदयालाच मोठे खंडग्रास होते, पण पावसाळी ढग आडवे आले. २१ जून २०२० लाही पाऊसच, वर टाळेबंदीचे दिवस.

२५ ऑक्टोबर २०२२ चे ग्रहण ग्रस्तास्त होते, सूर्य ग्रासलेलाच समुद्रात गेला. आदल्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन, मग एक रिकामा दिवस आणि २६ तारखेला पाडवा-भाऊबीज एकत्र. मोक्ष दिसणारच नसेल तर स्नान केव्हा करायचे, फराळ कधी खायचा, यावर घराघरांत चर्चा झाल्या. किनाऱ्यावर मात्र पश्चिम क्षितिज मोकळे होते, आणि गाळणी हातात असलेल्यांनी कोर पाण्याला टेकताना पाहिली.

पुढचे मोठे ग्रहण २ ऑगस्ट २०२७ चे. इजिप्तमध्ये लक्झरजवळ खग्रास अवस्था सहा मिनिटांहून अधिक असेल. कोकणात दुपारनंतर सूर्याचा थोडासाच भाग झाकला जाईल, तोही ऐन पावसाळ्यात.