निवडणारा क्लब आणि घडवणारा क्लब: मुलांच्या आइस हॉकीतला न दिसणारा फरक

कॅनडात टोरंटो, ब्रॅम्प्टन, मिसिसॉगाकडच्या मराठी आईबाबांना दर वर्षी एक प्रश्न पडतोच: पोराला हॉकीच्या कुठल्या क्लबात घालायचं? उत्तर बहुतेक वेळा गेल्या हंगामात कुणाचा संघ जिंकला यावरून ठरतं. ‘जिंकतात म्हणजे चांगलं शिकवत असणार’ हे कुणालाही पटण्यासारखं आहे. पण आठ-दहा वर्षांच्या मुलांचा संघ दोन अगदी वेगळ्या वाटांनी जिंकू शकतो. आहेत त्या मुलांना शिकवून, किंवा आसपासची वाढलेली, दणकट मुलं वेचून. पहिल्या वाटेला वर्षं लागतात, दुसरं काम शनिवार-रविवारच्या ट्रायआउटमध्ये, म्हणजे निवड चाचणीत, उरकतं. बाहेरून दोन्ही क्लब सारखेच दिसतात आणि दोघांच्याही जाहिरातीत ‘डेव्हलपमेंट’ हा शब्द ठळक असतो.

ट्रायआउट एकदा नीट बघा. बर्फावर तीसचाळीस मुलं, अंगात नंबराच्या जर्स्या, काचेमागे कागद-पेन घेऊन बसलेली तीन-चार मोठी माणसं. शिट्टी वाजते, मुलं निळ्या रेषेपर्यंत सुसाट जातात, वळतात, परत येतात. मग छोटा सामना. तासाभरात वेग दिसतो, उंची दिसते, धक्का मारून पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती चपटी रबरी चकती, हिसकावायची धिटाई दिसते. पक यायच्या आधी मान वळवून आजूबाजूला कोण आहे हे पाहणारा मुलगा मात्र त्या तासात नजरेत भरत नाही. त्याला पक मिळायच्या आधीच कुणीतरी आडदांड तो घेऊन गेलेला असतो.

तो आडदांड मुलगा बऱ्याचदा जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेला असतो, आणि हा योगायोग नाही. कॅनडा आणि अमेरिकेत हॉकीचे वयोगट जन्मवर्षावरून पडतात. म्हणजे 3 जानेवारीचा मुलगा आणि 28 डिसेंबरचा मुलगा एकाच गटात. सात वर्षांच्या पोरांमध्ये जवळजवळ वर्षाचा फरक म्हणजे आयुष्याचा सातवा हिस्सा! कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये हे आकडेवारीनिशी मांडलं. वरच्या पातळीवरच्या हॉकीपटूंमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खेळाडू शेवटच्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. लहानपणी कुणीतरी मोठ्या मुलाला गुणी समजून निवडलं, निवडल्यामुळे त्याला बर्फावर जास्त वेळ आणि चांगला कोच मिळाला, आणि काही वर्षांत तो खरोखरच चांगला खेळू लागला. डिसेंबरचा मुलगा तोवर सॉकरकडे वळलेला असतो.

या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक हॉकी लीगच्या, 1980 ते 2007 पर्यंतच्या ड्राफ्टमधले खेळाडू तपासले गेले. ड्राफ्ट म्हणजे लीगमधले संघ तरुण खेळाडूंना एकामागून एक क्रमाने निवडतात ती निवड. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू ड्राफ्टमध्ये मागे पडत होते, पण पुढे कारकिर्दीत त्यांनी आपल्या क्रमांकाच्या मानाने जास्त करून दाखवलं. म्हणजे अठराव्या वर्षापर्यंतसुद्धा निवडणाऱ्यांचे डोळे फसत होते. मार्टिन सेंट लुईला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नाही, कारण तो बुटका. 2004 मध्ये तो एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी टॅम्पा बे संघाकडून स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपदही जिंकला. पावेल दात्सुक 1998 मध्ये 171 व्या क्रमांकावर गेला, आणि नंतर त्याच्या स्टिकवरचा पक काढून घेणं हे लीगमधलं सर्वांत अवघड काम मानलं जाऊ लागलं.

यात वयात येण्याचा गोंधळ वेगळाच. मुलांची उंची साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास आणि मुलींची बाराव्याच्या आसपास सगळ्यांत झपाट्याने वाढते, पण कुणाची दोन वर्षं आधी, कुणाची दोन वर्षं नंतर. तेरा वर्षांच्या मुलांच्या एकाच संघात एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. निवडणारा क्लब पहिल्याला घेतो. दुसऱ्याला टिकवून ठेवणं हे घडवणाऱ्या क्लबचं काम, आणि ते कठीण आहे, कारण त्या वर्षी सामने हरावे लागतात.

आता घडवणं म्हणजे बर्फावर नेमकं काय, ते पाहू. आइस हॉकीचा पूर्ण रिंक 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद. त्यावर आठ वर्षांची मुलं सोडली की सगळ्यांत वेगवान पोरगं पक घेऊन सरळ सुटतं आणि बाकीची त्याच्या मागे धावतात. ते पोरगंही काही शिकत नाही, कारण त्याला वळावंच लागत नाही. म्हणून आता कॅनडा आणि अमेरिकेत या वयाच्या मुलांना रिंकचा अर्धा किंवा त्याहून लहान तुकडा देतात. कमी जागेत दोन-तीन पावलांवर कुणीतरी आडवं येतं. मग थांबावं लागतं, स्केटच्या कडेवर अंग तोलून वळावं लागतं, मान वर करून पास द्यावा लागतो. पक दर काही क्षणांनी हात बदलतो आणि सगळ्यांत हळू मुलाच्या स्टिकलाही तो लागतो. शिवाय नेहमीचा काळा पक साधारण सहा औंसांचा, तर या मुलांचा निळा पक चार औंसांचा. हा फरक कोपऱ्यात सराव करणाऱ्या पोराच्या मनगटात दिसतो. जड पक तो सगळ्या अंगाने ढकलतो, हलका पक मनगट फिरवून उचलतो, आणि हीच सवय पुढे शॉट होते.

आईबाबांची तक्रार असते की हे ‘खरं हॉकी’ नाही. मुलगा टीव्हीवर दिसतं तसं खेळताना दिसावा असं त्यांना वाटतं. त्यांची हौस मी समजू शकते, पण शिकणं तिथे घडत नाही.

अमेरिकेच्या हॉकी संघटनेने 2009 पासून ‘अमेरिकन डेव्हलपमेंट मॉडेल’ आणलं, ते याच विचारावर. दीर्घ पल्ल्याच्या घडणीची कल्पना क्रीडातज्ज्ञ इस्तवान बायी यांनी मांडली होती आणि कॅनडात ती आधीच रुजत होती. एका सामन्यामागे तीन सराव असावेत हा त्यातला मुख्य आग्रह. सामन्यात दहा वर्षांच्या मुलाच्या स्टिकवर पक प्रत्यक्ष असतो तो काही सेकंद, एका चांगल्या सरावात त्याच्या कितीतरी पट. बारा वर्षांखालच्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही अमेरिकेच्या संघटनेने बंद केली. मग बॉडी चेकिंगचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अंगाने आदळून पकपासून दूर करण्याचा मुद्दा आला. कॅलगरीच्या संशोधकांनी 2010 मध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांची तुलना केली. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात या वयात चेकिंग चालत होतं, क्वेबेक प्रांतात नव्हतं. आल्बर्टातल्या मुलांना सामन्यात दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त निघाला. अमेरिकेने 2011 मध्ये आणि कॅनडाने 2013 मध्ये त्या वयोगटातून चेकिंग काढलं. त्यामुळे निवडीचं गणितही थोडं बदललं, कारण नुसत्या अंगापिंडाचं मोल कमी झालं.

नॉर्वेत तर मुलांच्या खेळाचे नियमच वेगळे आहेत. अकरावं वर्ष लागेपर्यंत निकालांचे तक्ते लावायचे नाहीत आणि तेरा वर्षांखाली राष्ट्रीय अजिंक्यपद भरवायचं नाही. आइस हॉकीत नॉर्वे काही मोठं राष्ट्र नाही, पण 2018 आणि 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदकतक्त्यात पहिलं होतं. कमी निवडल्याने देश मागे पडतो, या भीतीला एवढं उत्तर मला पुरेसं वाटतं.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. टोरंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोत हाऊस लीग म्हणजे नाव नोंदवेल त्याला खेळता येतं, आणि रेप (‘रिप्रेझेंटेटिव्ह’चं लघुरूप) म्हणजे ट्रायआउट देऊन ए, डबल ए किंवा ट्रिपल ए संघात जागा मिळवायची. त्यावरून हाऊस लीग म्हणजे घडवणारी आणि रेप म्हणजे निवडणारी, अशी वाटणी कुणी करू नये. ट्रिपल एमध्येही मुलांना वर्षानुवर्षं सांभाळणारे कोच आहेत, आणि हाऊस लीगमध्येही शेवटच्या पाच मिनिटांत कच्च्या पोराला बेंचवर बसवणारे आहेत. खर्चावरूनही काही कळत नाही. ट्रिपल एचा हंगाम हजारो डॉलर खातो आणि त्यातले बरेच प्रवासात आणि स्पर्धांच्या शुल्कात जातात.

मग ओळखायचं कसं? फरक एकाच गोलचा असताना, सामना संपत आलेला असताना, एखाद्या शनिवारी जाऊन बसा आणि बर्फावर कोण उतरतंय ते मोजा. तिसऱ्या फळीची, म्हणजे तुलनेने कच्ची मुलं उतरत असतील तर कोच घडवतोय. आठ वर्षांच्या वयात गोली, म्हणजे गोलरक्षक, पक्का ठरवून टाकलाय का, की सगळ्यांना आळीपाळीने पॅड बांधायला मिळतात, हे विचारा. उन्हाळ्यात मुलाने पोहणं, सॉकर, काहीही दुसरं खेळावं यावर कोचचं म्हणणं काय, हेही विचारा. बारा वर्षांखालच्या मुलाला बाराही महिने हॉकीच खेळायला लावणारा क्लब मला तरी नको. आणि सगळ्यांत कामाचा प्रश्न: पाच वर्षांपूर्वी या संघात असलेली मुलं आज कुठे आहेत? घडवणाऱ्या क्लबातला माणूस नावं घेऊन सांगू लागतो. निवडणाऱ्याकडे फक्त करंडकांची यादी असते.

निवड कधीच करू नये, असं माझं म्हणणं नाही. साधारण सोळाव्या वर्षी ऑन्टारियो हॉकी लीगसारख्या ज्युनियर लीगचं दार उघडतं, आणि तिथे जागा मोजक्याच असतात. तोवर बहुतेक मुलांची वाढ बरीचशी झालेली असते आणि निवडणाऱ्यालाही अंदाज बांधायला काहीतरी हाती असतं. आठव्या वर्षी ते नसतं. त्या वयात यादीत नाव नाही आलं तर हाऊस लीगमध्ये नाव घालावं, आठवड्यातून एकदा स्केटिंगचा वेगळा वर्ग लावावा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा ट्रायआउटला न्यावं. मुलाची इच्छा असेल तरच.