अडॅप्टर मागताना लेबलावरची आउटपुटची ओळ वाचा

रेडिओ, राउटर, की-बोर्ड यांचा अडॅप्टर न्यायला आमच्या दुकानात येणारे बरेच जण जुन्या लेबलाचा फोटो दाखवून म्हणतात, "0.3 अँपिअरचा द्या." हा आकडा इनपुटच्या ओळीतला असतो. 'इनपुट 100-240 व्होल्ट, 0.3 अँपिअर' म्हणजे अडॅप्टर घरच्या प्लगमधून जास्तीत जास्त किती करंट ओढेल ते. रेडिओला काय मिळते, ते खालच्या ओळीत असते: 'आउटपुट 9 व्होल्ट, 1 अँपिअर'.

वरचा आकडा धरून 0.3 अँपिअरचा, म्हणजे 300 मिलिअँपिअरचा नेला, तर रेडिओ लागतो, हळू आवाजात बरा वाजतोही. आवाज वाढवला की करंट जास्त लागतो, व्होल्ट खाली येतात, घरघर सुरू होते, शब्द फाटतात आणि अडॅप्टर चटका बसेल इतका तापतो. मग रेडिओच बिघडला म्हणून तो आमच्याकडे येतो. उघडून पाहावे तर आत दोष काहीच नसतो. तुमची फेरी आणि आमचा तास मात्र जातो.

व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर कमी चालत नाहीत, जास्त असले तर हरकत नाही. 6 व्होल्टच्या रेडिओला 6 व्होल्ट, 2 अँपिअरचा लावला तरी रेडिओ हवा तेवढाच करंट घेतो. 12 व्होल्टचा लावला तर आतला आयसी जळू शकतो.

लेबल पुसले असेल तर सेल मोजा: एकापुढे एक बसणारे 4 सेल, प्रत्येकी 1.5 व्होल्ट, म्हणजे 6 व्होल्ट. वॅट लिहिले असतील तर त्यांना व्होल्टने भागा. 3 वॅट भागिले 6, म्हणजे अर्धा अँपिअर. काहीच लिहिलेले नसेल तर आम्ही सेल आणि स्प्रिंग यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना फॉइल लावलेला पुठ्ठा सरकवतो, मल्टिमीटरच्या पिना दोन फॉइलना लावतो आणि आवाज पूर्ण वाढवून करंट मोजतो. 320 मिलिअँपिअर आले तर त्यात निम्मे मिळवून 500 चा अडॅप्टर देतो.

पिन घट्ट बसली म्हणजे काम झाले असे समजू नका. काही जुन्या जपानी रेडिओंत मधली पिन निगेटिव्ह असते. मधली पिन पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते दाखवणारी लेबलावरची गोल खूण पाहिल्याशिवाय आम्ही अडॅप्टर देत नाही, त्याला पाच मिनिटे जास्त लागतात. मिडियम वेव्ह ऐकणाऱ्यांनी ट्रान्सफॉर्मरवाला जड अडॅप्टरच घ्यावा. हलके स्विचिंग अडॅप्टर बऱ्याचदा स्टेशनवर खरखर आणतात. जड अडॅप्टर थोडा महाग पडतो, पण रोज सकाळी रेडिओ लावणाऱ्या घरात तो खर्च योग्यच आहे.

तारवट्यांनी (बोटीवर नोकरी करणाऱ्यांनी) बोटीवरून आणलेल्या वस्तूंवर नुसते '110 व्होल्ट' असेल तर त्या थेट प्लगात लावू नका, व्होल्ट उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. '100-240' लिहिले असेल तर त्याची गरज नाही, उगाच पैसे घालू नका.

3 ते 12 व्होल्टपर्यंतचे अडॅप्टर आमच्याकडे असतात आणि अडॅप्टर घेणाऱ्याला करंट मोफत मोजून देतो. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराची गर्दी असते, तेव्हा मोजून घ्यायला इतर दिवशी या. रेडिओ आणि जुना अडॅप्टर, दोन्ही सोबत आणा.